वीस मेची मोकळी ओळ

२५ एप्रिल

खडू माझ्या हातात! अंबू माश – माश म्हणजे मास्तर – होडीच्या धक्क्यावर फणसाच्या सालीवरून घसरले, उजवा हात मोडला, आणि आज सकाळी प्लॅस्टर गळ्यात अडकवून थेट माझ्या मावशीच्या, एळेम्माच्या दारात. मी ओट्यावर आंबा चोखत बसले होते.

"तू रिकामीच आहेस ना?"

"हो."

"अक्षर?"

"वाईट."

"मोठं आहे ना? मग चल."

एळेम्मा आतून ओरडली, "न्या माश, न्या! तिच्या आईला फोन करून सांगते, पोरीला एकदाची नोकरी लागली!"

नोकरी कसली – वाचनशाळेच्या, म्हणजे गावच्या वाचनालयाच्या भिंतीवरचा फळा लिहायचा. वर पक्क्या रंगात "आजचा दिवस", खाली खडूनं रोज दोन घटना आणि एक जन्म नाहीतर मरण. माश हेडमास्तर होते तेव्हा शाळेत लिहायचे, रिटायर झाल्यापासून इथे. समोरच पवित्रेट्टनचं चहाचं दुकान. फळा वाचल्याशिवाय गावात कुणी चहा घेत नाही, चहा घेतल्याशिवाय कुणी कामाला जात नाही. म्हणजे सगळा गाव आता माझ्या खडूवर!

आज मार्कोनीचा जन्म. माश खुर्चीतून तोंडपाठ सांगतात, मी लिहिते. ओळ वर वर गेली.

"मार्कोनी डोंगर चढतोय का गं?" – पवित्रेट्टन.

प्लॅस्टर निघेपर्यंत थांबणार. मग परत गोकर्ण. किंवा दुसरीकडे कुठेतरी.

२६ एप्रिल

रामानुजन गेले तो दिवस. खडू आणायला निघाले, वाटेत बदकांचा कळप लागला, त्यांच्या मागे मागे नदीच्या वळणापर्यंत गेले. फळा दुपारी लिहिला. सकाळी चहाला बसलेले तसेच बसून होते!

२९ एप्रिल

राजा रविवर्म्याचा जन्म. एवढा मोठा चित्रकार, त्याला नुसत्या ओळीत कसं बसवायचं? म्हणून साडीतली एक बाई काढायला घेतली. पदर काढता काढता फळा संपला. घटनांना जागाच नाही.

माशांनी बराच वेळ बघितलं. "ही कोण?"

"रविवर्म्याची बाई."

"मोळे, पोरी, हिच्या हाताला सहा बोटं आहेत."

पुसलं. पण त्याआधी चहाला आलेल्या मोयदीनक्कानं चहाचा पेला तिच्यासमोर ठेवून "घ्या हो बाई, गार होतोय" म्हणून घेतलं.

३ मे

आज काय झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

माश काल हात दाखवायला तालुक्याला गेले. आज अचानक हरताळ. बस नाही, पेपर नाही, माश तिकडेच अडकले. मी फळ्यासमोर कोरी! मला कुठे माहीत तीन मेला जगात काय झालं ते? समोर चहावाले ताटकळलेले. शेवटी वळून ओरडले, "अहो, तुमच्यापैकी कुणाला काय झालं होतं का या दिवशी?"

झालं. एकच गलका. इंग्रजी तारीख कुणालाच धड आठवेना – सगळे मल्याळी मेडम महिना, अमुक नक्षत्र, थेय्यमच्या जत्रेआधी की नंतर, असंच मोजणारे. पण भांडून भांडून एकमत झालं. मी लिहिलं –

"१९८१ : लग्नाचं पायसम घेऊन निघालेली होडी भर नदीत उलटली. माणसं सुखरूप. पायसमची भलीमोठी काशाची उरुळी तरंगत पलीकडच्या काठाला लागली. पलीकडच्यांनी पायसम खाल्लं."

"आणि उरुळी अजून दिली नाही, तेही लिही!" पवित्रेट्टन टेबलावर हात आपटून. लग्न त्याच्याच बहिणीचं होतं. लिहिलं.

काय हसले लोक! होडीवाला पलीकडे जाऊन सांगून आला. मग पलीकडचे मुद्दाम हरताळात होडी करून फळा वाचायला आले. आमच्या काठावर उभे राहून म्हणतात कसे, "पायसमला गूळ कमी होता."

संध्याकाळी सौदामिनी टीचर आल्या. शाळेत शिवण शिकवायच्या, माझी पहिली उलटी टीप त्यांनीच उसवली. काळी छत्री, खांद्याला पिशवी आणि पिशवीत स्वतःचं डस्टर – त्याच्याशिवाय त्या वाचनशाळेकडे फिरकत नाहीत. चष्मा वर करून वाचलं. त्यांना असं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं!

"फळा असाच लिहीत जा. मी जाईपर्यंत तरी."

"कुठे जाताय?"

"कोइंबतूरला, भाचीकडे. एकवीस मेला टेम्पो यायचाय. घराची कौलं गळतात, पावसात एकटीनं पातेली कुठे कुठे लावू?"

पेला घासणारा पवित्रेट्टनचा हात थांबला. मी म्हटलं, माशांना माहीत आहे का? टीचर म्हणाल्या, "त्यांना जगातलं सगळं माहीत असतं." आणि छत्री उघडून गेल्या. ऊन नव्हतंच.

४ मे

माश परत आले. उरुळीची ओळ वाचली. "हा इतिहास आहे?"

"झालं होतं ना खरं?"

"जगाच्या दृष्टीनं झालं पाहिजे!"

मग मी टीचरचं सांगितलं. माश म्हणाले, "कधी?" एकवीस मे. "सकाळी की दुपारी?"

ते मला नाही माहीत म्हटलं. त्यांनी मला आज फळ्यावर काय लिहायचं तेच सांगितलं नाही. विसरले! अंबू माश!

६ मे

आयफेल टॉवर लोकांना खुला झाला. पहिलं टपालाचं तिकीट. आणि माशांच्या परवानगीनं, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात – "मोयदीनक्काची बकरी मशिदीच्या गच्चीवर चढली (१९९६)". बकरी टॉवरच्या खाली छान बसली.

९ मे

गावकऱ्यांच्या जन्मतारखा गोळा करायच्या म्हणून चहाच्या दुकानात बसले. चांगली कल्पना होती! पवित्रेट्टन, वीस मे. पोस्टमन, वीस मे. होडीवाला, वीस मे. त्याची बायको? वीस मे. मी डोक्याला हात लावला, कारण माझीपण वीस मे. माझी खरी वृश्चिक महिन्यातली, म्हणजे नोव्हेंबरातली. जूनला शाळा सुरू, तेव्हा पाच पूर्ण हवीत, म्हणून मास्तर लोक मुलांना मेमध्ये जन्माला घालायचे – सगळ्या गावांत तसंच. पण इतर गावांत कुणाची पाच मे, कुणाची तीस. इथे एकच!

मोयदीनक्का म्हणाले, "अगं, या तारखेनं आमची काय वाट लावली! पहिल्यांदा आखातात गेलो ते आम्ही सहा जण. विमानतळावर साहेब एकेकाचा पासपोर्ट उघडतोय. वीस मे. वीस मे. तिसऱ्याला त्यानं चष्मा पुसला. सहाव्याला मोठ्या साहेबाला बोलावलं. तो विचारतो, तुम्ही सगळे एकाच दिवशी जन्मलात? मी म्हटलं, हो साहेब. एकाच आईला? म्हटलं, नाही साहेब, एकाच हेडमास्तरला!"

दुकान हसून हसून आडवं.

"सगळ्यांना वीसच का?" मी.

"कोण जाणे. माझ्या थोरल्याची बारा मे आहे, मधल्याची अठ्ठावीस. माझ्यापासून वीस सुरू. मी पहिलीत गेलो, त्याच वर्षी शिवणाच्या नव्या टीचर आल्या होत्या – मला आठवतं, कारण मी त्यांच्या सुया चोरायचो."

माशांना विचारलं. ते म्हणाले, "गामा कालिकतला आला तो दिवस, वीस मे चौदाशे अठ्ठ्याण्णव. मुलांना पाठ राहावा म्हणून." बरोबर आहे. माझ्या लक्षात राहिलेली इतिहासातली तेवढी एकच तारीख.

११ मे

काही लिहिलं नाही. दिवसभर नदीत. शिंपले काढायला शिकले. सगळे खाल्ले.

१२ मे

नाइटिंगेलबाईंचा जन्म. मी नर्सिंग अर्धवट सोडलेलं – सगळं दुकान एकदा फळ्याकडे बघतंय, एकदा माझ्याकडे. हसा!

१४ मे

माश रोज विचारतात, "टीचरनं सामान बांधायला घेतलं का?" आज मी जाऊनच आले. घेतलंय. भांडी पोत्यात, शिवणाचं मशीन चादरीत. ओसरीवर तीन पातेली अजून मांडलेली, मागच्या पावसातली. आत कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचा ढीग. त्यातला एक माझा शाळेतला निघाला, मी टीप उलटी घातलेला! टीचर म्हणाल्या, "ने. जिथे जाशील तिथे तुला तुझी चूक दिसली पाहिजे."

परत येताना पवित्रेट्टननं पकडलं. "वीस मेला बघ काय मजा असते. माश फळ्यावर लिहितात, गामा काप्पाडच्या किनाऱ्याला उतरला. टीचर येतात, डस्टर काढतात, काप्पाड पुसून पंतलायनी बंदर लिहितात. मग भांडण! टीचर म्हणतात, काप्पाडला मेच्या खवळलेल्या दर्यात गलबत लागेल कसं? माश म्हणतात, सरकारनं दगड उभा केलाय तिथे. टीचर म्हणतात, दगड गामानं उभा केला का? दरवर्षी! मी त्या दिवशी दुप्पट दूध घेतो."

"आणि यंदा?"

"यंदा शेवटचं." फडकं खांद्यावर टाकून आत गेला.

१६ मे

जुन्को ताबेई, एव्हरेस्टवर चढलेली पहिली बाई. ही ओळ मी मुद्दाम चढती लिहिली. आज कुणी काही बोललं नाही.

गोकर्णहून, मी काम करायचे त्या कॅफेवाल्याचा फोन. "कधी येतेस?" म्हटलं बघते.

१८ मे

मला राहवलं नाही. विचारून टाकलं. "काप्पाडला नव्हताच उतरला का गामा?"

माश नदीकडे बघत होते. "बहुतेक नाही. मी पंतलायनीला जाऊन किनारा बघून आलोय. टीचरचं बरोबर आहे."

"मग दरवर्षी काप्पाड का लिहिता?"

"बरोबर लिहिलं तर ती पुसायला कशाला येईल?"

मी खडू खाली टाकला. म्हणजे इतकी वर्षं! हा माणूस जाणून बुजून! म्हटलं, "माश, सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"जाऊ नका म्हणून."

"चाळीस वर्षांत माझं एक वाक्य तिनं दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. हे वाक्य चुकलं तर ते कोण लिहील पुन्हा?"

"मी जाऊन सांगू?"

"तुझी ओळ तिरकी जाते," म्हणाले. पण हसले. मग एकदम हेडमास्तरांच्या आवाजात – "वीस मेला खाली एक ओळ मोकळी सोड. ती मी लिहीन."

"कोणत्या हातानं?"

डावा हात वर केला. बोटांना खडूची भुकटी लागलेली होती. म्हणजे घरी सराव चाललाय!

१९ मे

सगळ्या गावाला सांगितलं – ज्याची ज्याची वीस मे आहे त्यानं उद्या सकाळी फळ्यापाशी यायचं. जिनं ही तारीख न चुकवता चाळीस वर्षं गामा पुसला, तिला सगळ्यांनी मिळून निरोप द्यायचा. पवित्रेट्टन पायसम करणार, पण एवढं मोठं भांडं नाही त्याच्याकडे. आणि आमचं मोठं भांडं कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

होडीवाला पलीकडे जाऊन आला. म्हणतो, ते नुसते हसले.

२० मे

आज काय लिहू, कुठून लिहू!

पहाटेच गेले. वर मोठ्या अक्षरांत – गामा काप्पाडला उतरला, १४९८. मग जीन्सच्या खिशांना तांब्याच्या खिळ्या मारायचं पेटंट, १८७३ (माझ्या जीन्सच्या तीन खिळ्या पडल्यात, पेटंटवाल्याला कळवायला हवं). मीटर म्हणजे नक्की किती ते सतरा देशांनी बसून ठरवलं, १८७५. अमेलिया इअरहार्ट एकटीनं अटलांटिक ओलांडायला निघाली, १९३२. आणि खाली एक ओळ मोकळी.

लोक यायला लागले. यायला लागले ते थांबेचनात! नवे शर्ट, कपाळाला चंदन, कडेवर पोरं. प्रत्येकाला फळ्यावर आपलं नाव पाहिजे. फळा भरला, मग नावं भिंतीवर चढली, खिडकीच्या कडेनं गेली, कोपऱ्यावरून वळून मागच्या भिंतीला. मोयदीनक्कानं सहाही जणांची नावं एकाखाली एक लिहून बाजूला कंस काढला – "एकाच हेडमास्तरला". माशांनी वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. डाव्या हातानं जमेना. मी पुसून दिला.

मग नदीकडून आरडाओरडा. पलीकडच्यांची होडी! मधोमध उरुळी! आणि उरुळी भरलेली – अडा प्रथमन, गुळाचं पायसम, काठोकाठ, वर केळीची पानं झाकलेली. या वेळी एक थेंब सांडला नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं ती पवित्रेट्टनच्या पायाशी ठेवली. "घे बाबा. गूळ बरोबर घातलाय." पवित्रेट्टन त्याच्या गळ्यातच पडला. बहिणीला फोन लावला, फोनवर नुसतं ओरडत होता, "आली गं! आली तुझी उरुळी!"

त्या गडबडीत टीचर आल्या. काळी छत्री, पिशवी. गर्दी बाजूला झाली. त्यांनी सवयीनं डस्टर काढलं, काप्पाडपाशी नेलं –

"जरा थांबा टीचर," माश म्हणाले. "अजून लिहून झालेलं नाही."

डावा हात. खडू दोनदा मोडला. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, वाकडी, एक मोठं एक बारीक. पायसमवर माशी बसली तरी कुणी हाकलली नाही.

"जन्म – के. सौदामिनी. बाकीचे सगळे तिच्या मागून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शिवणाच्या नव्या टीचर कामावर रुजू झाल्या त्या वर्षी त्यांच्या कागदावरची जन्मतारीख बघणारा एकच माणूस, हेडमास्तर. त्या वर्षापासून गावातलं प्रत्येक मूल त्या तारखेला जन्मलं. गामा नाही, कुणी नाही. मी पण!

टीचर वाचत राहिल्या. मग मान वळवून भिंतीवरची नावं वाचत गेल्या, खिडकीपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरून मागेही जाऊन आल्या. काप्पाड पुसलं नाही. डस्टर पिशवीत ठेवलं, छत्री उघडली, आणि घरी गेल्या.

पायसम छान झालं होतं. माशांनी घेतलं नाही. मला म्हणाले, "चुकलं वाक्य." मी म्हटलं, "नाही माश." पण मला तरी काय ठाऊक!

२१ मे

सकाळी टेम्पो आला. मी धावत फळ्यापाशी, तर टीचर आधीच तिथे! हातात डस्टर, समोर माश, रंग उडालेला. जन्माची ओळ पुसलेली. फक्त तेवढीच.

"खोटी तारीख आहे ती, माशे," टीचर म्हणाल्या. "मला शाळेत घातलं तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी लावलेली. तुम्ही काय एकटेच हेडमास्तर आहात का? मी कर्कटकातली, भर पावसातली. पूयम नक्षत्र."

माश पायरीवर बसले. इतक्या जणांना खोट्या तारखा वाटल्या, आणि हीच एक खरी धरून चालले होते!

"मग... आता कर्कटकात लिहू?" अगदी हळू.

"तुम्ही लिहाल आणि काहीतरी चुकवाल. मला इथे थांबून बघावं लागेल. आणि कर्कटकासारख्या अशुभ महिन्यात कुणी घर हलवतं का? त्यानंतर ओणम. ओणमच्या तोंडावर कोण गाव सोडतं?" मग माझ्याकडे वळून, "तू काय बघतेस? काप्पाड पूस."

मोयदीनक्का टीचरच्या घराची कौलं परतायला वर चढलेत. मी खालून कौलं देतेय. टेम्पो फणसांनी भरला आणि एकटाच कोइंबतूरला गेला.